चालकाविना युद्धवाहने : रसद यंत्राने न्यावी, चाप कोणी ओढावा?

१५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात खडकी येथे ७७ व्या सेनादिनाचे संचलन झाले. हे संचलन पुण्यात होण्याची ती पहिलीच वेळ. रणगाडे, तोफा आणि पथकांच्या ओळींत प्रेक्षकांचे कुतूहल चाळवले ते चार पायांवर चालणाऱ्या, शिर नसलेल्या श्वानासारख्या दिसणाऱ्या यंत्रांनी. लष्कराने त्यांना दिलेले नाव 'म्यूल', म्हणजे खेचर. पायऱ्या चढणारे, उतारावर तोल सांभाळणारे हे यंत्र सुमारे पंधरा किलो ओझे वाहू शकते. जिवंत खेचर याच्या कितीतरी पट ओझे घेऊन कारगिलच्या कड्यांवर चढले आहे. तरीही त्या दिवशीची छायाचित्रे देशभर पोहोचली, कारण भारतीय लष्कराच्या पायदळात मनुष्यविरहित यंत्रे दाखल होऊ लागल्याची ती जाहीर खूण होती.

जमिनीवर चालणाऱ्या अशा लष्करी यंत्रांची चर्चा आपल्याकडे अद्याप कौतुकाच्या पातळीवरच आहे. आकाशातील ड्रोनविषयी जेवढे लिहिले-बोलले जाते, त्याच्या अल्पांशानेही भूवाहनांविषयी बोलले जात नाही. वस्तुतः चालकाविना चालणारे वाहन घडविणे हे विमान चालकाविना उडविण्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे. हे काम जसजसे साध्य होऊ लागले आहे, तसतसा एक प्रश्न अधिक निकडीचा होत आहे. तो म्हणजे, वाट ठरविण्याचा अधिकार यंत्राला दिला, की गोळी झाडण्याचा अधिकारही हळूहळू त्याच्याकडे सरकत जाणार काय?

दोन निराळ्या गोष्टी

या विषयात प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'मानवरहित' आणि 'स्वायत्त' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांत मोठे अंतर आहे. मानवरहित वाहनात माणूस बसलेला नसतो, पण कोठेतरी दूर बसून तो ते चालवत असतो. स्वायत्त वाहन स्वतःच्या कॅमेऱ्यांनी व संवेदकांनी भोवताल पाहते, वाट निवडते, अडथळा टाळते आणि ठरलेल्या ठिकाणी पोहोचते. आज जगातील रणांगणांवर दिसणारी बहुसंख्य भूवाहने पहिल्या प्रकारातील आहेत. दुसऱ्या प्रकाराकडे वाटचाल सुरू आहे.

पहिला प्रकार नवा नाही. सोव्हिएत लष्कराने १९३०च्या दशकात रेडिओने चालणारे रणगाडे तयार केले आणि १९३९-४० च्या फिनलंडविरुद्धच्या युद्धात ते वापरलेही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने 'गोलियाथ' नावाचे, स्फोटके वाहून नेणारे छोटे पट्टेवाले वाहन आणले. ते मागे सोडलेल्या तारेवरून चालविले जाई. शत्रूने ती तार तोडली, की यंत्र जागच्या जागी निकामी होई. यंत्र आणि त्याचा चालक यांना जोडणारा धागा हीच अशा वाहनांची दुखरी नस आहे, हा धडा तेव्हाच मिळाला होता. ऐंशी वर्षांनंतरही तो जुना झालेला नाही.

वाळवंटातील बारा किलोमीटर

अमेरिकेच्या संसदेने २००१ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यात एक महत्त्वाकांक्षी उद्दिष्ट नोंदविले होते. २०१५ पर्यंत लष्कराच्या जमिनीवरील लढाऊ वाहनांपैकी एकतृतीयांश वाहने मानवरहित असावीत, असे ते उद्दिष्ट होते. त्याला चालना देण्यासाठी संरक्षण संशोधन संस्था 'डार्पा'ने स्पर्धा जाहीर केली. १३ मार्च २००४ रोजी मोहावीच्या वाळवंटात पंधरा चालकरहित वाहने सुमारे २४० किलोमीटरच्या मार्गावर सोडण्यात आली. बक्षीस होते दहा लाख डॉलर. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे वाहन सर्वांत पुढे गेले आणि तेही जेमतेम बारा किलोमीटरवर अडकले. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये, चित्र पालटले. २१२ किलोमीटरचा मार्ग पाच वाहनांनी पूर्ण केला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'स्टॅन्ली'ने सात तासांहून कमी वेळात तो पार करून वीस लाख डॉलरचे पारितोषिक पटकावले. २००७ मध्ये वस्तीसदृश रस्त्यांवर, इतर वाहनांच्या रहदारीत तिसरी स्पर्धा झाली. या तीन स्पर्धांतून घडलेले अभियंते पुढे गूगलच्या चालकरहित मोटारीच्या प्रकल्पात गेले. स्टॅन्लीच्या चमूचे प्रमुख सेबॅस्टियन थ्रुन हेच त्या प्रकल्पाचे आरंभीचे नेते होते. आज अमेरिकेतील काही शहरांत चालकाविना टॅक्सी धावते, तिचे मूळ लष्करी गरजेत आहे.

विरोधाभास असा, की नागरी मोटारींनी मजल मारली आणि लष्कराचे उद्दिष्ट मात्र २०१५ उलटून गेल्यावरही कागदावरच राहिले. अमेरिकी लष्कराचा 'रोबोटिक कॉम्बॅट व्हेइकल' हा बहुचर्चित प्रकल्पही २०२५ मध्ये थांबविण्यात आला.

याची कारणे तंत्रज्ञानाच्या स्वरूपातच आहेत. शहरातील मोटारीला आखीव रस्ता, दुभाजक, सिग्नल आणि आधीच तयार केलेला तपशीलवार नकाशा उपलब्ध असतो. रणभूमीवर रस्ता नसतो. कालचा नकाशा आजच्या तोफमाऱ्याने खोटा ठरलेला असतो. समोरचे उंच गवत मऊ आहे की त्याआड दगड आहे, डबके पावलाएवढे खोल आहे की पुरुषभर, हे माणूस अनुभवाने ताडतो. यंत्राला ते शिकवावे लागते. उपग्रहांचे दिशादर्शक संकेत शत्रू दाबून टाकतो. नागरी मोटारी लेसर किरण फेकून अंतर मोजणाऱ्या लिडारवर भिस्त ठेवतात, परंतु युद्धात स्वतःहून किरण फेकणे म्हणजे आपला ठावठिकाणा शत्रूला सांगणे. म्हणूनच लष्करी वाहनाला शक्य तितके केवळ पाहून, काहीही न फेकता, वाट काढावी लागते.

युक्रेनने बदललेले गणित

एवढ्या अडचणी असतानाही गेल्या तीन वर्षांत या वाहनांना प्रचंड गती मिळाली, याचे कारण युक्रेनमधील युद्ध. तेथे स्वस्त ड्रोनच्या थव्यांनी आघाडीलगतचा कित्येक किलोमीटरचा पट्टा असा करून टाकला आहे, की दिवसाउजेडी हलणारी कोणतीही गाडी वा व्यक्ती टिपली जाण्याचा धोका असतो. खंदकातील सैनिकांना पाणी, दारूगोळा व बॅटऱ्या पोहोचविणे आणि जखमींना मागे आणणे हे प्रत्यक्ष लढण्याइतकेच जीवघेणे झाले. त्यामुळे पट्ट्यांवर वा चाकांवर चालणारी, खाटेएवढ्या आकाराची यंत्रे हे काम करू लागली. २०२५ साली अशी पंधरा हजार यंत्रे आघाडीवर पोहोचविण्याचे लक्ष्य युक्रेनने ठेवले होते.

यांपैकी बहुतेक यंत्रे ओझी वाहतात, सुरुंग पेरतात किंवा हटवतात, जखमींना ओढून आणतात. काहींवर बंदुका आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये खारकीव्ह प्रांतातील लिप्त्सी गावाजवळ युक्रेनच्या एका ब्रिगेडने पायदळाविना, केवळ भूयंत्रे आणि ड्रोन यांच्या बळावर हल्ला चढविल्याचे जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या एका ब्रिगेडने सांगितले, की यंत्रांनी घेरलेल्या रशियन सैनिकांनी शरणागती पत्करली आणि त्यांना ताब्यात घेण्यासाठी सुरुवातीला एकही सैनिक पुढे गेला नव्हता.

या दोन्ही घटनांचे वर्णन 'यंत्रांचे युद्ध' असे केले गेले. परंतु दोन्ही ठिकाणी यंत्रांच्या मागे, पडद्यासमोर, माणसे बसलेली होती. शरण येणाऱ्याचे हावभाव पाहून मारा थांबविण्याचा निर्णय माणसाने घेतला. हा तपशील पुढील चर्चेसाठी महत्त्वाचा आहे.

माणूस आणि यंत्र यांच्यातील संपर्क जमिनीवर मात्र आकाशापेक्षा लवकर तुटतो. उडणाऱ्या ड्रोनला सरळ दृष्टिरेषा मिळते. जमिनीवरचे वाहन टेकाडामागे, झाडीत, भिंतीआड जाते आणि रेडिओलहरी अडतात. त्यात शत्रूचे जॅमिंग. रशियाने 'उरान-९' हे तोफ व क्षेपणास्त्रे बसविलेले भूवाहन सीरियात उतरविले, तेव्हा अनेक किलोमीटरचा अपेक्षित पल्ला प्रत्यक्षात काहीशे मीटरवर आला आणि संपर्क वारंवार तुटला, अशी कबुली रशियाच्याच तज्ज्ञांनी २०१८ मध्ये दिली. युक्रेनमध्ये त्यावर उपाय म्हणून उपग्रह इंटरनेट, मध्ये उडणाऱ्या ड्रोनवरील रिले आणि चक्क केसाएवढ्या जाडीची प्रकाशतंतूंची तार वापरली जाते. गोलियाथची तार अशी पुन्हा परत आली आहे.

संपर्क तुटल्यानंतरचा क्षण

खरी कसोटी लागते ती संपर्क तुटल्यानंतर. चालकाशी नाते तुटलेल्या वाहनाने काय करावे? जागीच थांबावे, तर ते शत्रूच्या हाती लागेल. आल्या वाटेने परतावे, तर तेवढी वाट ओळखण्याची बुद्धी त्याला हवी. ठरलेल्या ठिकाणी पुढे जावे, तर आणखी मोठी बुद्धी हवी. प्रवासापुरती स्वायत्तता ही म्हणूनच चैन नसून गरज आहे, आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही. पाणी घेऊन निघालेले यंत्र संपर्क तुटूनही ठाण्यावर पोहोचले, तर एका जवानाचा जीव वाचतो.

मात्र त्याच वाहनावर बंदूक बसविली, की प्रश्नाचे रूप बदलते. झाड, खडक, खड्डा आणि माणूस यांतील फरक ओळखणारी आज्ञावली वाट काढण्यासाठी लागतेच. 'हा माणूस आहे, त्याला धडकू नकोस' येथपासून 'हा माणूस आहे, त्याच्यावर गोळी झाड' येथपर्यंतचे अंतर तांत्रिकदृष्ट्या फार मोठे नाही. जॅमिंग वाढत जाते आणि पुढच्या फळीतील अधिकाऱ्याला वाटू लागते, की संपर्क तुटल्यावर बंदूक गप्प राहणे म्हणजे हातचे शस्त्र वाया घालविणे. कोणताही मोठा धोरणात्मक निर्णय न होता, एकेका सुधारणेगणिक, चापावरील बोट माणसाचे उरत नाही. धोका या नकळत होणाऱ्या सरकण्यात आहे.

यंत्राला 'माणूस' ओळखता येईल. 'सैनिक' ओळखणे त्याहून कठीण, आणि 'शरण येणारा सैनिक', 'जखमी सैनिक', 'वाट चुकलेला गावकरी' हे ओळखणे कित्येक पटींनी कठीण. युद्धविषयक आंतरराष्ट्रीय कायदा नेमके हेच भेद करायला सांगतो. शस्त्र टाकलेल्यावर आणि लढण्यास असमर्थ झालेल्यावर हल्ला करण्यास तो मनाई करतो.

भारताच्या सीमेवर काय दिसेल?

भारतासाठी हा प्रश्न परका नाही. बॉम्ब निकामी करणारे 'दक्ष' हे दूरनियंत्रित यंत्र पुण्यातील दिघीच्या 'डीआरडीओ' प्रयोगशाळेत घडले आणि लष्कराने ते स्वीकारले. चेन्नईजवळील आवडीच्या संस्थेने २०१७ मध्ये 'मुंत्रा' हे पट्ट्यांवर चालणारे मानवरहित वाहन पुढे आणले. त्याच्या टेहळणी, सुरुंगशोध आणि अणु-रासायनिक दूषित क्षेत्राची पाहणी अशा तीन आवृत्त्या करण्यात आल्या. लष्करी वाहनांचे संशोधन व चाचणी करणारी प्रमुख संस्था अहिल्यानगर येथे आहे. म्हणजे या क्षेत्राचा मोठा भाग महाराष्ट्रातच, पुणे आणि अहिल्यानगर यांच्या परिसरात एकवटलेला आहे.

या यंत्रांची निकड कोणाला आहे, हे समजण्यासाठी बेळगावपर्यंत जाणे पुरेसे आहे. तेथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून बाहेर पडणारा जवान पुढे सियाचीनच्या हिमात वा नियंत्रण रेषेवरील एखाद्या उंच ठाण्यावर उभा राहतो. सियाचीनमध्ये शत्रूच्या गोळीपेक्षा हवामान आणि हिमस्खलनाने अधिक सैनिक गमावले, हे सर्वविदित आहे. रॉकेल, शिधा आणि औषधे वर नेणारी एकेक फेरी तेथे जोखमीची असते. ती फेरी यंत्राने केली आणि परतताना जखमी वा आजारी जवानाला खाली आणले, तर यापेक्षा उत्तम उपयोग कोणता? सुरुंग पेरलेल्या वाटेवर माणसाआधी यंत्राने पाऊल टाकणे यातही दुमत होण्याचे कारण नाही.

या कामांतील अडचणी अगदी साध्या भासणाऱ्या आहेत. अतिथंडीत बॅटरीची क्षमता झपाट्याने घटते. हिम वाट झाकून टाकते, त्यामुळे काल ओळखलेला मार्ग आज यंत्राला अनोळखी वाटतो. पंधरा किलोच्या ओझ्याने ठाण्याची गरज भागत नाही. मोहावीच्या वाळवंटात किंवा युक्रेनच्या सपाट शेतांत शिकलेली आज्ञावली लडाखच्या दगडधोंड्यांत आणि ईशान्येच्या चिखलात उपयोगी पडेल, याची शाश्वती नाही. आपल्या भूप्रदेशाची दृश्ये आणि मोजमापे आपल्यालाच गोळा करावी लागतील. सुट्या भागांचाही प्रश्न आहे. चिनी घटक आढळल्याच्या कारणावरून संरक्षण मंत्रालयाने २०२५ च्या आरंभी चारशे ड्रोनची कंत्राटे रद्द केली. मोटारी, चुंबके, कॅमेरे आणि बॅटऱ्या यांसाठी जे उद्योग चीनवर विसंबून आहेत, त्यांच्या भूवाहनांबाबतही हीच वेळ येऊ शकते.

सशस्त्र यंत्रांच्या बाबतीत आपल्या सीमांचे स्वरूप आणखी सावधगिरी शिकविते. युक्रेनच्या आघाडीवरील बहुतेक गावे रिकामी झालेली आहेत. आपल्या सीमा तशा नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये पूर्व लडाखमधील पशुपालक आपल्या पारंपरिक कुरणात चिनी सैनिकांसमोर निःशस्त्र उभे राहून हुज्जत घालत असल्याचे चित्रण देशाने पाहिले. काश्मीरमध्ये बकरवाल आपले कळप घेऊन दर उन्हाळ्यात उंच कुरणांकडे जातात. हाती काठी, अंगावर घोंगडी, पहाटेच्या धुक्यात हलणारी आकृती. गस्तीवरचा अनुभवी हवालदार अशा माणसाला हाक मारतो, त्याचे उत्तर ऐकतो आणि मग ठरवितो. हे पशुपालक सीमेवरचे आपले पहिले खबरे आहेत. यंत्राच्या एका चुकीने त्यांचा जीव जाईल आणि त्यांचा लष्करावरील विश्वासही.

वेगाचा युक्तिवाद येथे लागू नाही

याला एक उत्तर नेहमी दिले जाते, की शत्रू असे निर्बंध पाळणार नसेल, तर आपण हात का बांधून घ्यावेत? चीन या क्षेत्रात वेगाने पुढे जात असताना ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेला वेगाचा युक्तिवाद तपासून पाहिला पाहिजे. येणारे क्षेपणास्त्र पाडण्यासाठी काही सेकंदच हाती असतात. तेथे यंत्राने निर्णय घेणे अपरिहार्य आहे, आणि तेथील लक्ष्यही माणूस नसून वस्तू असते. खडबडीत जमिनीवरचे वाहन मात्र बहुधा माणसाच्या चालीनेच पुढे सरकते. ते ज्या माणसाकडे पाहत असते, तोही पायीच असतो. येथे माणसाला पाहण्यास, विचारण्यास आणि ठरविण्यास अवधी असतो. तो नसल्याचे भासविण्याचे कारण नाही. संपर्क तुटला, तर वाहनाने चालत राहावे, परतावे किंवा थांबावे, पण बंदुकीला कुलूप लागावे, हा नियम पाळल्याने गमावण्यासारखे फार थोडे आहे. आपल्याच गस्तीवर चुकून होणारा गोळीबार टळेल, हा लाभ तर रोकडा आहे.

नियम आधी, बंदूक नंतर

आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताची भूमिका आजवर सावध राहिली आहे. प्राणघातक स्वायत्त शस्त्रांविषयीचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत डिसेंबर २०२३ मध्ये १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोध करणाऱ्या चौघांत भारत होता. पुढच्या वर्षीच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. या प्रश्नाची चर्चा जिनिव्हातील पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराच्या चौकटीतच व्हावी आणि बंधनकारक कराराची घाई होऊ नये, अशी भारताची भूमिका आहे. २०२६ पर्यंत बंधनकारक करार व्हावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचे आवाहन होते. जेथे सर्वसंमतीविना पुढे जाता येत नाही, त्या जिनिव्हातील व्यासपीठावर मोठी राष्ट्रे हा विषय वर्षानुवर्षे रेंगाळत ठेवू शकतात, हेही खरे आहे.

बाह्य करारास नकार देण्याचा अधिकार भारताला आहेच. पण तो बजावताना घरातील नियम अधिक स्पष्ट असणे आवश्यक ठरते. नव्या शस्त्राची कायदेशीर तपासणी करण्याचे बंधन ज्या करारात आहे, त्या जिनिव्हा करारांच्या पहिल्या अतिरिक्त मसुद्यात भारत सहभागी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षणप्रमुखांनी सशस्त्र दलांसाठी विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेची चौकट जाहीर केली. विश्वसनीयता, सुरक्षितता, पारदर्शकता, निष्पक्षता आणि गोपनीयता ही तिची सूत्रे आहेत. दिशा योग्य आहे. तथापि तत्त्व आणि नियम यांत अंतर असते. यंत्राच्या गोळीने निरपराध मेला, तर आज्ञावली लिहिणारा अभियंता, वाहन स्वीकारणारी चाचणी समिती, ते पाठविणारा अधिकारी, यांपैकी उत्तर कोणी द्यायचे, हे तत्त्वांच्या यादीतून कळत नाही.

यासाठी तीन गोष्टी आजच ठरविता येतील. पहिली, खरेदीच्या अटींतच वाहन चालविणारी आणि शस्त्र चालविणारी यंत्रणा परस्परांपासून विलग ठेवण्याचे बंधन असावे, म्हणजे एकीतील सुधारणा दुसरीत आपोआप शिरणार नाही. दुसरी, सशस्त्र यंत्राच्या प्रत्येक मोहिमेसाठी एक नाव असलेला, हुद्दा असलेला उत्तरदायी अधिकारी लेखी नेमला जावा आणि यंत्राच्या सर्व नोंदी जतन व्हाव्यात. तिसरी, पैसा आणि बुद्धी आधी रसद, जखमींची ने-आण आणि सुरुंगशोध यांवर खर्च व्हावी. याच कामांत सर्वाधिक जीव वाचतात आणि याच कामांतून यंत्राची खरी विश्वासार्हता सिद्ध होते.

मोहावीच्या वाळवंटात बारा किलोमीटरवर अडकलेल्या वाहनाला पुढच्याच वर्षी २१२ किलोमीटरचा पल्ला गाठणारे वारस मिळाले. भारतातही असेच काही, आज वाटते त्यापेक्षा लवकर घडू शकेल. खडकीच्या मैदानावर चाललेले लोखंडी खेचर उद्या पन्नास किलो ओझे घेऊन सियाचीनच्या वाटेवर चढले, तर ते अभिमानाचेच असेल. त्याच्या पाठीवर बंदूक बसविण्याचा दिवस येण्यापूर्वी तिचा चाप कोणाच्या हाती राहील, हे कागदावर उतरले पाहिजे. पहिल्या दुर्घटनेनंतर लिहिलेला नियम त्या दुर्घटनेतील माणसाच्या कामी येत नाही.